पाठमोरा तांडेल आणि मुनियाची वाक्यं

दोन हजार तेवीस साल. माझं वय एकाहत्तर. आमची शाळा बंदराच्या वरच्या अंगाला आहे. तिच्या ओट्यावर मी बसलो होतो आणि समोर सात वर्षांची मुनिया. शाळा जूनमध्ये उघडली तेव्हापासून या पोरीनं वर्गात तोंडातून शब्द काढला नव्हता.

मुनियाचा बाप हरिलाल माझ्या मुलाच्या बोटीवर खलाशी. माणसं झारखंडची. आदल्या दिवशी तो माझ्या दारात येऊन म्हणाला, "तांडेल, दिवाली के पहले मेरा साला गाव जायेगा. मुनिया को उसके साथ भेजता हूँ. नानी के पास रहेगी. इधर शाळेत मुकी बसून काय फायदा?"

त्याची बायको मागं उभी होती. ती आमच्याकडे सुकट वाळवायच्या कामाला येते. तिनं माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. नको, नको.

मी म्हणालो, "भेजू नको. तोवर मी तिला बोलती करतो."

"तुम?"

"मग कोन? तुला मराठी कोनी शिकवली? तुझ्या सासऱ्यानं?"

शाळेच्या बाई तरुण आहेत, पण धीराच्या. त्यांना सांगितलं तर त्या हसल्या नाहीत. एवढंच विचारलं, "काय शिकवाल, आजोबा?"

"तुमी काय शिकवता?"

"आधी नवे शब्द. मग शब्द जोडून वाक्य."

"मग तेच."

मी स्वतः तिसरी शिकलो. पण तांडेल होतो. तांडेल म्हणजे बोटीचा मुख्य माणूस, सुकाणू त्याच्या हातात. बोटीवर परमुलखातले खलाशी येतात, त्यांना आपली भाषा येत नाही. आम्ही काही पुस्तक देत नाही. दोर हातात द्यायचा आणि म्हणायचं, "ओढ." ओढला की "सोड." शब्द हातातून आत जातो. असे कितीतरी मी तयार केले. एक पोरगी काय अवघड?

मी बादली, दोर, टोपली, झाडू घेऊन बसलो. उचल. ठेव. बांध. आण. मुनिया हुशार. मी बोललो की करायची, मग स्वतः बोलून करायची. दसऱ्यापर्यंत पोरीचं तोंड उघडलं. मी बंदरावर छाती काढून फिरायला लागलो.

मग एक दिवस बाईंनी मला बोलावलं.

"आजोबा, तुमची मुनिया बोलते."

"मग! मी काय सांगितलं व्हतं?"

"काल मला म्हणाली, 'बाई, गप! बस!'"

"आणि तुमी?"

"बसले."

मी खो खो हसलो. बाई हसल्या नाहीत.

"परवा तिचा कान ठणकत होता. सकाळपासून कान दाबून बसली होती. मला वाटलं, धडा ऐकायचा नाही म्हणून झाकते. मी रागावले तिला. तिला सांगता आलं नाही, आजोबा. तुम्ही तिला हुकूम शिकवलेत. स्वतःचं काही सांगायला तिच्याकडे वाक्यच नाही."

मला राग आला. तडक घरी आलो. कालची पोर मला शिकवते! पण भाकरी गोड लागेना, कारण बाई खोटं बोलत नव्हत्या. बोटीवर तांडेल ओरडतो आणि बाकीचे करतात. मी तीच बोट शाळेत नेऊन ठेवली होती.

मग डोकं चालवलं. बोटीवर खलाशी कधीच बोलत नाही का? बोलतो. सुकाणू मागच्या बाजूला असतं. मधे केबिन, जाळ्यांचा ढीग. तांडेलाला समोरचं पाणी नीट दिसत नाही. म्हणून एक माणूस नाळीवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, उभा करतात. तो बघतो आणि सांगतो, "पुढं जाळं हाय. उजवीकडं खडक हाय." तिथं तांडेलाला गप बसून ऐकावं लागतं. नाहीतर बोट फुटते.

दुसऱ्या दिवशी मुनियाला ओट्याच्या कडेला बसवलं, समुद्राकडे तोंड करून. मी तिच्याकडे आणि समुद्राकडे, दोन्हीकडे पाठ केली.

"मुनिया, ही नाळ. मला काय दिसत न्हाय. समोर काय हाय?"

तिनं आधी माझा शर्ट ओढला. मग, "बोट."

"निळी बोट चालली वाटतं?"

"निळी नाय! लाल!"

"लाल बोट चालली व्हय?"

"नाय! लाल बोट येते!"

मला कळलं, युक्ती लागू पडली. मी मुद्दाम चुकीचं बोलायचं, तिनं चिडून बरोबर करायचं. शब्द अडला की ती माझा शर्ट ओढायची. मी वळायचो नाही. मग बाई आतून खिडकीतनं शब्द पुरवायच्या, "बगळा! बगळा उडाला." की मुनिया लगेच, "आजा, बगळा उडाला. बगळा जाळ्यावर बसला." हुकूम ठीक, पण स्वतःचं सांगताना तोंडाकडे कोणी बघत असलं की पोरगी मिटते, पाठ केली की उघडते, हेही तेव्हाच समजलं.

हरिलालचा साला गावी निघायचा आदला दिवस आला. संध्याकाळी हरिलाल शाळेवर आला. पोरीसमोर उकिडवा बसला.

"बोल बेटा. मराठी में बोल."

मुनिया गप. हरिलाल माझ्याकडे बघून म्हणाला, "देखा, तांडेल?"

"तू देखू नको. पाठ कर."

"क्या?"

"पाठ कर म्हणतो ना! बोटीवर ऐकतोस, हितं काय झालं?"

तो वळून बसला. मीही बसलो. दोन बाप्ये भिंतीकडे बघत. मी म्हणालो, "मुनिया, आई कामावर आली न्हाय वाटतं आज?"

"आली. आई धक्क्यावर आहे."

"बसली आसल."

"बसली नाय. आईच्या डोक्यावर टोपली आहे. टोपली मोठी आहे." खाली धक्क्यावर काहीतरी आपटलं. "आई पडली. सुकट सांडली. सगळी बाई हसते. आई एकटी भरते."

हरिलाल वळायला लागला. मी त्याचा दंड धरला.

"बाबा," मुनिया म्हणाली, "आई रडते. तू जा."

मी दंड सोडला. तो पायऱ्या उतरून पळत गेला. तेव्हा कुठं मी वळून पाहिलं. दोघं नवरा-बायको खाली बसून सुकट भरत होती. बाई खिडकीत उभ्या होत्या. "'सगळ्या बायका हसतात' असं पाहिजे होतं," असं पुटपुटल्या आणि नाक पुसायला आत गेल्या.

साला एकटाच गावी गेला.

मला समजलं ते एवढंच. हुकमानं हात शिकतो. तोंड शिकायचं तर शिकवणाऱ्याला काहीतरी दिसत नसलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंच्या आधी शाळेत गेलो आणि त्यांची खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून ठेवली.