दोनशे सव्वीस पौंड

डॉर्सी पेटवे आमच्या गावच्या शाळेची बस चालवतो. बस कधी उशिरा येत नाही. पोरं त्याला टरकून असतात आणि त्याच्यावर जीवही टाकतात. मार्चमधला एक दिवस मात्र तो रजा घेतो आणि सकाळी सातला आमच्या कॉलेजच्या मैदानाच्या कुंपणाशी येऊन उभा राहतो. त्या दिवशी व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघांचे पारखी आमची शेवटच्या वर्षाची पोरं तपासायला येतात. मी ‘आत ये’ म्हणून हात करतो, तो ‘इथंच बरंय’ म्हणून हात करतो. अकरा वर्षं हेच चाललंय.

मी क्लीव्ह. या कॉलेजात तीस वर्षं मी खेळाडूंच्या घोट्यांना पट्ट्या बांधतोय. पोरानं मोजे काढले की त्याचे पाय किती पळतील ते मला कळतं. बायको म्हणते, माणसांचे चेहरे विसरतोस आणि घोटे लक्षात ठेवतोस. खरं आहे तिचं.

डॉर्सीला त्याच्या वर्नेलमावशीनं वाढवलं. मावशी कोंबड्यांच्या कारखान्यात दिवसभर उभी असायची आणि शनिवारी सामन्याला येऊन पुन्हा उभीच राहायची. पंचांना तिनं कधी शिवी दिली नाही. ‘देव बघतोय हं तुला!’ एवढंच ओरडायची. अलाबामातला देवभोळा पंच, तो खरंच वर बघायचा.

अंगानं किडकिडीत म्हणून मोठ्या कॉलेजांनी डॉर्सीला घेतलं नाही, म्हणून तो आमच्या वाट्याला आला. चेंडू घेऊन येणाऱ्याला आडवं करणं हे त्याचं काम, आणि ते तो चार वर्षं मन लावून करत होता. शेवटच्या वर्षी फेब्रुवारीत मी त्याची चाळीस यार्डांची धाव मोजली. साडेचार सेकंदांपेक्षा जेमतेम जास्त. घड्याळ बिघडलं असेल म्हणून पुन्हा पळवला. पुन्हा तेच. त्याच्या जागेवर खेळणारे इतके जोरात पळत नाहीत. या पायांवर पोरगं नक्की निवडलं जाणार, असं मला वाटलं आणि मी ते मावशीला सांगूनही बसलो.

पण त्याच्या एजंटनं फोनवर त्याच्या डोक्यात भरवलं, ‘दोनशे पंचवीस पौंडांच्या खाली असलास तर तुझा कागदही कोणी वाचणार नाही.’ डॉर्सी होता दोनशे सतरा. सहा आठवडे त्यानं अंडी, लोणी, मक्याची पेज काय वाटेल ते पोटात ढकललं. वजन एका पौंडानंही हललं नाही.

त्या सकाळी तो माझ्या टेबलावर पट्टी बांधून घ्यायला बसला, तेव्हा त्याच्या मांडीवर गॅलनचा कॅन होता. अर्ध्याहून जास्त संपलेला.

‘हे काय रे?’

‘पाणी आहे, मिस्टर क्लीव्ह.’

‘पाणी आहे ते दिसतंय मला. आंधळा नाही झालो अजून. या पोटानं पळणार आहेस?’

‘पळायचं शेवटी असतं. आधी वजन, मग उड्या, मग वजन उचलणं. दीड तास मिळतो. तोवर सगळं बाहेर. सगळेच करतात हे.’

सगळेच करतात, हे खरंच होतं. इथली निम्मी पोरं त्या दिवशी पाणी पिऊन काट्यावर चढतात आणि मग संडासाबाहेर रांग लावतात. मी पट्टी घट्ट केली.

काट्यावर नुसत्या चड्डीत चढवतात आणि आकडा सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचतात. ‘पेटवे, दोनशे सव्वीस!’ डॉर्सीनं माझ्याकडे बघून डोळा मारला.

तेवढ्यात पश्चिमेकडे गडगडलं. आमच्याकडे छपराखालचं मैदान नाही. पारख्यांमध्ये गवती हॅट घातलेला एक थोराड माणूस होता, सगळे त्याचंच ऐकत. त्यानं आभाळाकडे बघितलं आणि म्हणाला, ‘आधी पळवून घेऊ. बाकीचं मग आत करू.’

डॉर्सीचा चेहरा उतरला. संडासात पळत जाऊन आला, पण पोटातलं पाणी काय हुकमावर खाली उतरतं? माझ्या तोंडाशी शब्द आला होता. याचं पोट बिघडलंय, अर्धा तास द्या. डॉर्सीनं लांबूनच ‘नको’ म्हणून मान हलवली. तो पाण्याचा कॅन माझ्याच टेबलाखाली होता. कोणी एक प्रश्न जास्त विचारला असता तर दोनशे सव्वीसचं बिंग फुटलं असतं.

हॅटवाल्याचं माझ्याकडे लक्ष गेलं. ‘काय म्हातारबा, काही म्हणायचंय?’

‘नाही,’ मी म्हटलं.

प्रत्येकाला दोन धावा मिळतात. शेवटच्या रेषेशी सगळे घड्याळं घेऊन ओळीनं उभे राहिले. पहिली धाव डॉर्सी पळाला ती मला बघवेना. पाय तेच होते, पण पोट मागे ओढत होतं. हॅटवाल्याच्या खांद्यावरून मी घड्याळ बघितलं. चार पूर्णांक एक्याऐंशी. कुंपणाशी मावशी उभी होती. ती ओरडली नाही.

दुसऱ्या धावेत त्यानं जीव खाऊन पाय मारले. चार पूर्णांक अठ्ठ्याहत्तर. रेषा ओलांडून तो गुडघ्यांवर बसला आणि ओकला. नुसतं स्वच्छ पाणी, गवतावर, सगळ्यांच्या पायांशी.

कोणी हसलं नाही. हॅटवाल्यानं त्या पाण्याकडे बघितलं, कागदावर काहीतरी खोडलं, पुन्हा लिहिलं. जवळ उभा होतो म्हणून मला दिसलं: दोनशे सतरा. नेमका आकडा! मग तो मला हळूच म्हणाला, ‘कोणी बोललं असतं तर गाडीत बसून थांबलो असतो मी. वजन काय, वर्षभरात चढवता येतं. याचे पाय बघायलाच आलो होतो.’

मग पाऊस आला आणि सगळे आत गेले.

एप्रिलमध्ये निवड तीन दिवस चालते, निवडलेल्या पोराला संघाचा फोन येतो. वर्नेलमावशीनं तिन्ही दिवस कारखान्यातून रजा घेतली आणि फोन टेबलाच्या मधोमध ठेवला. मीही जाऊन बसलो, दुसरं काय करणार? तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. डॉर्सी उभाच राहिला. चर्चमधून होता, रविवारी बटाट्याचं सॅलड कोण आणणार म्हणून विचारत होते. मावशीनं ‘मी आणते’ म्हणून सांगितलं आणि त्या दिवसासाठी रांधलेले पदार्थ झाकायला आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

यंदाच्या मार्चमध्ये मीच उठून कुंपणाशी गेलो. मावशी जाऊन आता दोन वर्षं झाली. आत एक पोरगा काट्याकडे निघाला होता, हातात गॅलनचा कॅन.

‘ए, ओत ते!’ डॉर्सी ओरडला.

‘सगळेच पितात, अंकल!’ पोरगा हसला आणि गेला.

डॉर्सी तारेला धरून उभा राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘त्या दिवशी तुम्ही तोंड उघडलं असतंत ना मिस्टर क्लीव्ह, तर मी सगळ्यांसमोर तुम्हाला खोटं पाडलं असतं. म्हटलं असतं, म्हातारा सकाळीच ढोसून आलाय.’

‘माहीत आहे मला,’ मी म्हटलं.

अकरा वर्षं मी हेच ऐकायला थांबलो होतो. पण ऐकूनही छातीवरचं ओझं तसूभर हललं नाही. डॉर्सीनं मला खोटं पाडलं असतं, ते ठीक. तरी हॅटवाला थांबला असता. हे मी डॉर्सीला अजून सांगितलेलं नाही.