बाभळीचा दस्ता

“बंदूक कुठं हाय? बोल म्हाताऱ्या!”

आमच्या हवालदारांचा आवाज असा, की ठाण्याच्या कौलांवरची कबुतरं उठायची ती थेट इस्लामपूरला जाऊन बसायची. समोरच्या बाकावर रहिमतपूरकडचा एक सुतार. इतका उंच, की बसूनसुद्धा उभ्या हवालदारांच्या डोळ्याला डोळा भिडवत होता. आणि चेहरा असा निवांत, जणू आम्हीच त्याच्याकडे खाट दुरुस्तीला आलोय.

फौजदारकीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ती शुक्रवारची सकाळ काही माझ्या डोक्यातून जात नाही.

खबर पक्की होती. सुतार बंदुकीचा दस्ता तासतोय, परड्यात फट फट आवाज येतो. चहा संपेपर्यंत खबऱ्यानं एका दस्त्याच्या चाळीस बंदुका केल्या. मीही कमी नाही. वरिष्ठांना फोन करताना त्या साठ झाल्या. छाप्यात मिळाला फक्त दस्ता. खांद्याला टेकवायचा, बाभळीचा, तेल पाजून काळाभोर केलेला. बंदुकीचा पत्ता नाही.

“कुणासाठी केला?”

“गिऱ्हाइकासाठी.”

“नाव?”

“न्हाई सांगनार. पर ऐतवारपातुर ह्यो परत मिळंल का, सायेब?”

बस, एवढंच त्याचं विचारणं. आता पंचनामा होऊन वस्तू मुद्देमालात जमा झाली, की खटला संपेपर्यंत ती बाहेर येत नाही. रविवार तर परवावर आलेला. पंचनाम्याचा कागद माझ्यासमोर कोरा होता. मी पेन उघडलं आणि थांबलो.

आमच्याकडचा सुतार साधा खोऱ्याचा दांडाही माणसाच्या छातीला लावून मगच तोडतो. मग हा दस्ता कुणाच्या मापाचा? मी खांद्याला लावला, तर माझा अंगठा नाकात जायला लागला. हवालदारांनी लावला, तेव्हा तर ते दातात काडी घालतायत असं वाटलं. अख्ख्या ठाण्यात एकालाही बसेना. सुताराला तर नाहीच नाही.

दुपारी त्याची लेक डबा घेऊन आली. तिशीची, चणीनं लहान. डाव्या हाताची तीन बोटं कडबाकुट्टीत गेलेली. मी दस्ता तिच्यापुढं धरला. तिनं तो उजव्या खांद्याच्या खोबणीत असा ठेवला, जसा काही तिच्यासोबतच जन्माला आला होता.

“सांगू नगंस!” सुतार पहिल्यांदाच ओरडला.

“सांगते, आबा. सायेब, बंदूक न्हाई ती. रंगाच्या गोळ्या उडवायचं यंत्र हाय.”

खंडाळ्याजवळच्या एका मैदानावर पुण्याचे कंपनीवाले एकमेकांवर रंग उडवायला येतात. त्यांचे बरबटलेले कपडे ही धुवायची. मालक एकदा थट्टेनं म्हणाला, रविवारी गिऱ्हाइकांना नेम शिकवणाऱ्या माझ्या गड्याला रंगवून दाखव, त्याच्या जोडीला शिकवायला तुला घेतो. पण दोन बोटांत यंत्र स्थिर राहीना. म्हणून बापानं दस्ता केला. माप बसवायला तिनं यंत्र धुण्याच्या गाठोड्यातून चोरून घरी आणलं, परड्यात उडवून पाहिलं आणि पुन्हा जागेवर नेऊन ठेवलं. मालकाला कळलं असतं तर धुण्याचंही काम गेलं असतं. म्हातारा गप्प होता तो यासाठी.

मी मुख्यालयातून शस्त्रं तपासणारा आर्मरर बोलावला. ही यंत्रं हवेवर चालतात, दारूचा संबंध नाही, असं त्यानं लिहून दिलं. मैदानावर फोन करून यंत्रं पुरी आहेत ना, एवढंच विचारलं. का ते सांगितलं नाही. स्टेशन डायरीत नोंद केली: ‘लाकडी दांडा, एक नग, सुतारास परत.’ साठ बंदुकांचं वरिष्ठांना काय सांगितलं, ते विचारू नका.

रविवारी साध्या कपड्यात मी मैदानावर गेलो, सोबत म्हातारा आणि हवालदार. तो शिकवणारा गडी टायरांच्या ढिगामागं रेड्यासारखा दडलेला. लेकीनं यंत्राला लावलेला दस्ता खांद्यात रुतवला. फट! पहिली गोळी त्याच्या मुखवट्याच्या काचेवर, दुसरी त्याच डागात, तिसरी दुसरीच्या पाठीवर. हवालदार आनंदानं असे ओरडले, की अर्धे कंपनीवाले जमिनीवर आडवे झाले. मालकानं तिथल्या तिथं तिच्या गळ्यात शिकवणाऱ्याची शिट्टी अडकवली.

वस्तू कुणाकडं सापडली, हे मी आयुष्यभर आधी पाहायचो. त्या दिवसापासून ती कुणाच्या मापाची आहे, ते आधी पाहू लागलो.

मी म्हाताऱ्याच्या पाठीवर थाप मारली. “आबा, काय दस्ता केलाय! साऱ्या जिल्ह्यात असा हात न्हाई!”

तो लेकीच्या खांद्याकडं बघत होता.

“अर्धं बोट लांब झालाय,” तो म्हणाला. “तासाया पायजे.”