बाईंच्या अंगणातल्या उलट्या खुर्च्या

बाई चिडल्या की त्यांची हिंदी पार आटून जायची आणि अस्सल मराठी सुरू व्हायची. समोरचा पंजाबी असो, बिहारी असो की हरियाणवी, त्यांना फरक पडत नसे. व्हीलचेअर विकणाऱ्या एका दुकानदाराला त्यांनी भर बाजारात सुनावलं होतं, "लाज नाही वाटत? चार महिन्यांत चाक गळून पडतं आणि वर तोंड करून नवी घ्या म्हणता?" त्या माणसाला एक अक्षर कळलं नसेल, पण तो "जी मॅडम, जी मॅडम" करत उठून उभा राहिला. दिल्लीतल्या पहाडगंजच्या मराठी शाळेत बाईंनी उभा जन्म विज्ञान शिकवलं होतं. त्यांच्या आवाजाला भाषांतराची गरज नव्हती.

माझी बायको मीनल त्यांची विद्यार्थिनी. मी मात्र त्यांना ओळखू लागलो ते फार नंतर, माझ्या अपघातानंतर. मानेसरच्या रस्त्यावर माझ्या गाडीला ट्रकने ठोकलं आणि कमरेखालचं सगळं गेलं. दोनेक वर्षांनी ऑफिसच्या दारातच व्हीलचेअरचं पुढचं छोटं चाक अडकून मोडलं. डीलर म्हणाला, "पूर्ण सेट बाहेरून मागवावा लागेल, सहा आठवडे." सहा आठवडे मी काय करायचं, हे त्याने विचारलं नाही. लोक चप्पल तुटली तर एक दिवस अनवाणी चालत नाहीत, आणि माझे पायच दुकानात ठेवून घेऊन हा माणूस मला सहा आठवडे घरी पड म्हणत होता. मीनलने बाईंना फोन लावला.

रविवारी सकाळी आम्ही पहाडगंजात पोचलो. बाईंच्या एका जुन्या विद्यार्थ्याचं तिथे छोटं हॉटेल होतं, त्याच्या मागचं अंगण त्याने बाईंना देऊन टाकलं होतं. आठ-दहा व्हीलचेअर फरशीवर उलट्या पडलेल्या, आणि त्यांचे मालक सतरंज्यांवर, बाजेवर, पायऱ्यांवर बसून दुसऱ्या कुणाच्या तरी चाकाशी झटापट करत होते. बाईंनी मला बाजेवर बसवायला लावलं आणि माझ्याकडे न बघता माझी खुर्ची उलटी केली.

"चाकांत हवा कधी भरली होतीस?"

"बाई, मला त्यातलं काही येत नाही."

"पाय गेलेत ना? की हातही गेलेत?"

मीनलचा चेहरा उतरला. माझा तर संतापाने लाल झाला. अपघातानंतर माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. सगळे मला काचेचं भांडं असल्यासारखे हाताळत होते. बाईंनी माझ्या हातात एक चिमटा दिला आणि पुढच्या चाकाच्या आसात गुंडाळलेले केस नि दोरे काढायला सांगितले. अर्धा तास मी ते ओढत होतो. चाक मोडायचं कारण तेच होतं. नवं बेअरिंग मुलांच्या स्केट्सच्या दुकानात मिळालं. संध्याकाळी मी माझ्या खुर्चीत बसून घरी गेलो.

पहिल्या दिवसाची सूट सोडली, तर अंगणाचा नियम एकच होता. स्वतःची खुर्ची स्वतः दुरुस्त करायची नाही. आधी दुसऱ्याची करायची, मग कुणीतरी तुमची करेल. रुखसाना गाद्या शिवायची. ती स्वतः पोलिओची, आणि कापड बघून माणसाला बसून बसून जखम होईल की नाही ते सांगायची. यादवजी मानेसरच्या एका कारखान्यात वेल्डर होते; तिथेच मणक्याला मार बसला. ते बसल्या बसल्या वेल्डिंग करत. पाहुणे कौतुकाने म्हणायचे, "बेचारे, फिर भी कितने खुश रहते हैं." त्यावर बाई ताडकन उत्तर द्यायच्या, "कोण खूश आहे? इथे कुणीही खूश नाही. इथे सगळे कामात आहेत."

बाईंच्या यजमानांना सगळे नाना म्हणत. ते कसे गेले हे बाईंनी मला एकदाच सांगितलं, तेही ग्रीस लावता लावता. अर्धांगवायूनंतर नानांना एका शिबिरात व्हीलचेअर मिळाली. हार घातला, फोटो काढला, खुर्ची दिली. बँकेच्या उतारावर बाईंनी ब्रेक लावला आणि पासबुक काढायला पर्समध्ये हात घातला. खुर्ची निघाली. नाना रस्त्यावर पडले, खुबा मोडला आणि त्या अंथरुणातून ते उठले नाहीत.

"टायरमध्ये हवा कमी असली की ब्रेक धरत नाही, सुहास. एवढंच. आठवीतल्या पोराला घर्षण शिकवणारी बाई मी, आणि मला ते माहीत नव्हतं. हार घालणाऱ्यांपैकी एकाने सांगितलं असतं, तर?" मग हात पुसत म्हणाल्या, "दे तो डबा इकडे."

पुढे अंगणात एकाच जातीच्या खुर्च्या येऊ लागल्या. निळ्या गादीच्या, शिबिरात वाटलेल्या. कुणाची तीन महिन्यांत, कुणाची चार महिन्यांत, पण प्रत्येकीचा पुढच्या चाकाचा सांधा एकाच ठिकाणी तडकलेला. एक म्हातारे गृहस्थ तर तोंडावर पडून दोन दात घालवून आले होते. बाईंनी विचारलं, "ह्या घेतं कोण? पास करतं कोण?"

मला माहीत होतं. ती फाइल माझ्या टेबलावरून गेली होती. मी सरकारी कचेरीत खरेदीच्या विभागात होतो. सगळ्यात कमी दराची निविदा, नियमाप्रमाणे, मान्यतेस हरकत नसावी. चार ओळींची टिप्पणी मी लिहिली होती, आणि खुर्चीचा नमुना खाली पार्किंगमध्ये ठेवलेला असताना मी बघायलाही उतरलो नव्हतो. स्वतः व्हीलचेअरवर बसणारा माणूस! लिफ्टने एक मजला उतरायचा होता.

मी ते सगळ्यांसमोर सांगितलं. बाईंनी पाना खाली ठेवला.

"सही तुझी?"

"शेवटची नाही, बाई."

"मग कितवी?"

"दुसरी."

मला वाटलं आता मराठीचा भडिमार होणार. मी त्याची वाटच बघत होतो. पण बाई हिंदीत म्हणाल्या, अगदी शांतपणे, "आप ज़रा उधर बैठिए. यहाँ काम चल रहा है." पुढचे तीन रविवार त्या माझ्याशी हिंदीतच बोलल्या. 'आप' म्हणाल्या. घरी येऊन मी मीनलवर ओरडायचो, ताट सरकवायचो. रागावलेल्या बाई मला सहन झाल्या असत्या. परक्या झालेल्या बाई सहन होत नव्हत्या.

तेवढ्यात गाझियाबादला मोठं शिबिर ठरलं. बाईंच्या कामाची चर्चा झालीच होती, त्यामुळे आयोजकांनी त्यांचा सत्कार ठेवला. मला ऑफिसने प्रतिनिधी म्हणून पाठवलं. अपंगांच्या शिबिराच्या व्यासपीठाला आठ पायऱ्या होत्या आणि उतार नव्हता, म्हणून मला खाली पहिल्या रांगेत, फुलांच्या कुंडीशेजारी ठेवण्यात आलं. मैदानात रांगेने निळ्या गादीच्या खुर्च्या मांडलेल्या. त्याच.

बाई व्यासपीठावर गेल्या. शाल पुढे आली तेव्हा त्यांनी ती हाताने बाजूला केली, तिथे शोभेसाठी ठेवलेल्या नव्या खुर्चीचा ब्रेक लावला आणि तिला एका बोटाने ढकललं. खुर्ची पाहुण्यांच्या सोफ्यापर्यंत घरंगळत गेली. "ब्रेक लावलेला आहे," बाई माइकवर मराठीत गरजल्या. "बघा! लावलेला आहे! ह्यावर तुम्ही माणसं बसवणार? माझा माणूस असाच मेला!"

गोंधळ उडाला. कुणीतरी माइक काढून घेतला. वाटप थांबवा, थांबवा, असा आवाज झाला. आणि रांगेतून एक बाई ओरडली. तिचा नवरा जमिनीवर गोणपाटावर बसला होता.

"माताजी, हमारी कुर्सी क्यों रुकवा रही हो? छह महीने से इन्हें पीठ पर ढो रही हूँ मैं! जैसी है वैसी मिलने दो!"

तिचं खरं होतं. बाईंचंही खरं होतं. खोटं होतं ते सगळं त्या सोफ्यावर बसलं होतं, आणि त्यातलं थोडं पहिल्या रांगेत, कुंडीशेजारी.

बाई पायऱ्या उतरल्या, हत्यारांची पिशवी उचलली आणि मैदानाच्या फाटकापाशी जाऊन खाली बसल्या. खुर्च्यांचं वाटप पुन्हा सुरू झालं. पहिली खुर्ची बाहेर येताच त्यांनी हात आडवा केला. "रुको, भैया. पाँच मिनट." ब्रेकचे नट सोडवून पुढे सरकवले, आवळले, पंपाने हवा भरली, बसलेल्या माणसाचा अंगठा टायरवर दाबून दाखवला. "इतना कड़ा होना चाहिए. हर हफ़्ते देखना." सांधे मात्र तिथे पक्के करता येण्यासारखे नव्हते, म्हणून त्या प्रत्येकाला अंगणाचा पत्ता सांगत होत्या, तडा दिसला की लगेच या म्हणून. रुखसाना आणि यादवजी आलेच होते, ते शेजारी बसले. गोणपाटावरचा माणूस बाहेर आला तेव्हा त्याच्या बायकोने बाईंकडे पाहिलं नाही, पण हवा कशी बघायची ते दोनदा विचारून घेतलं.

मी फाटकाशी गेलो. आयोजकांपैकी एकजण मागे धावत आला, "सर, फोटो अभी बाकी है." मी त्याला काय म्हणालो ते इथे लिहिता येणार नाही. बाईंनी मान वर केली नाही. थोड्या वेळाने हात मागे करून म्हणाल्या, "तेरा नंबरचा पाना दे. आणि बघत काय बसलास, पलीकडची ती खुर्ची घे."

मराठीत म्हणाल्या. मला रडू फुटलं. "डोळे पूस आधी," बाई खेकसल्या, "नट दिसणार नाही." ऊन उतरेपर्यंत आम्ही तिथे होतो. किती खुर्च्या झाल्या ते मोजलं नाही. काही आमच्या हातून निसटून तशाच गेल्या, आणि बाई त्या रिक्षांच्या मागे बघत शिव्या देत राहिल्या.

त्यानंतर वर्षभरात बाईंचे हात थरथरू लागले. पाना धरला की नट सापडेना. स्पोक बसवताना एकदा त्यांनी पाना भिंतीवर फेकला. मुलगी येऊन त्यांना नाशिकला घेऊन गेली. जाताना बाईंनी कुणाला निरोपाचे दोन शब्द बोलू दिले नाहीत. यादवजींना म्हणाल्या, "तुमचं वेल्डिंग हल्ली जाड होतंय." झालं.

मागच्या वर्षी तीच खरेदीची फाइल पुन्हा माझ्याकडे आली. तोच पुरवठादार, तोच दर. या वेळी मी पार्किंगमध्ये उतरलो. खुर्ची उलटी करवली, फोटो काढले, आणि चार ओळींच्या जागी चार पानांची टिप्पणी लिहिली: सांधा कुठे तडकतो, का तडकतो, ब्रेक का धरत नाही. पाठवण्याआधी बाईंना फोन करून सगळी वाचून दाखवली. त्यांचा आवाज बारीक झाला होता. मध्ये मध्ये त्या नुसतं "हं" म्हणत होत्या.

संपल्यावर म्हणाल्या, "शेवटची ओळ पुन्हा वाच."

"'अतः विनम्र निवेदन है कि कृपया इस पर पुनर्विचार करने का कष्ट करें.'"

"ती खोड."

"बाई, तशी पद्धत असते."

"लोकांचे दात पडतायत आणि तू कष्ट करें म्हणतोस? खोड. लिही, ही खुर्ची घेऊ नये. खाली सही कर. पहिली सही कर."

मी खोडलं. मग म्हणालो, "बाई, माझी बदली होईल."

पलीकडे खोकला आला. मुलीने फोन घेतला असावा असं वाटलं, तेवढ्यात बाईच म्हणाल्या, "होऊ दे. जिथे पाठवतील तिथे कागद असेल की नाही?"

अकरा दिवसांनी बाई गेल्या. माझी टिप्पणी 'चर्चा करें' एवढा शेरा घेऊन परत आली आणि चर्चा कुणीच केली नाही. महिन्याच्या आत मला दुसऱ्या मजल्यावरच्या विभागात हलवलं. नव्या टेबलाशी मी व्हीलचेअर लावली, शिपायाने चहाचं विचारलं. मी म्हटलं, "चाय बाद में. पहले काग़ज़ लाओ."