दादा पीत नव्हता

आम्ही दोघे भाऊ काचा बसवायचो. मोठी काच उभी धरून न्यायची तर पुढे मी, मागे दादा. मागच्याचा तोल गेला की पुढच्याचं मनगट कापलं जातं, म्हणून मागे भरवशाचाच माणूस लागतो.

गेल्या वर्षी एका जिन्यात मागून असा हेलकावा आला की काच हातातून निसटायचीच. काच कशीबशी भिंतीला टेकवली आणि वळून दादाच्या तोंडाचा वास घेतला. वास नव्हता.

"किती घेतलीस? खरं सांग."

"चहा घेतला रे. पायाखालची जमीन सरकल्यासारखी वाटते."

मला वाटलं, शहाणा झालाय, बिनवासाची पितो. पुढे तो पाय फाकवून चालू लागला, बोलताना जीभ अडखळू लागली, शर्टाची बटणं वहिनी लावून द्यायची. ती शपथेवर सांगायची, हे थेंबालाही शिवत नाहीत. मी तिलाच भोळी ठरवलं. आम्हाला कामं देणाऱ्या सुताराला मी सांगून टाकलं, "दादाला बोलावू नका, तो पितो." वर रोज सकाळी समोर बसवून त्याला पाव खायला लावायचो, रिकाम्या पोटी चढते म्हणून. तो मुकाट्याने खायचा.

शेवटी वहिनीनेच त्याला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मीही गेलो, चोरी पकडायला! बाईंनी त्याला एका पायाच्या अंगठ्याला दुसऱ्याची टाच लावत सरळ चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला त्याने माझा खांदा धरला.

"पोटाचा काही त्रास?"

"छे! दगड पचवतो मी," दादा म्हणाला.

तरी त्यांनी रक्त तपासलं. गव्हातलं एक प्रथिन त्याला सोसत नव्हतं. पोटाने तक्रार केली नाही. घाव बसला तो मेंदूच्या तोल सांभाळणाऱ्या भागावर. गहू कायमचा बंद, म्हणजे पोळी आणि पावही.

"बरा होईल ना?" मी विचारलं.

"आणखी बिघडू नये. गेलेलं किती परत येईल, सांगता येत नाही. वर्षभर आधी यायला हवं होतं."

वहिनी दादाच्या शर्टाचं सुटलेलं बटण लावू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सुताराकडे गेलो. "दादा पीत नव्हता. आजार होता. मीच त्याला बदनाम केलं."

सुताराचा चेहरा खुलला. "मग आण की त्याला! तुझ्यापेक्षा त्याचाच हात चांगला. कधी येतोय?"

"त्याला भिंत धरल्याशिवाय उभं राहता येत नाही," मी म्हणालो.