लेखिकेचे वडील

आबा, तुम्ही रोज जळगावला जाऊन करता तरी काय, असं कोणी विचारलं की निंबाआबा सांगत, "नावं झाकतो." विचारणारा बुचकळ्यात पडला की आबांना भारी मौज वाटे. मग एरंडोलच्या स्टँडवर एसटी येईपर्यंत ते सगळं बैजवार समजावून सांगत.

जळगावात एका संशोधन मंडळाचं 'तापीकाठ' नावाचं त्रैमासिक निघतं. खान्देशातल्या रीतीभाती, सणवार, जुनी शेती यांवर प्राध्यापक मंडळी त्यात लेख लिहितात. आलेला लेख छापण्याआधी दोन जाणकारांकडे तपासायला जातो. हे परीक्षक. त्यांना लेखकाचं नाव कळू द्यायचं नाही आणि लेखकाला त्यांचं. दोन्हीकडची नावं ठाऊक असलेली माणसं कार्यालयात दोनच. एक संपादक सुनंदाबाई, आणि दुसरे गावच्या शाळेत आठवीपर्यंत शिकलेले निंबाआबा. एकोणीस वर्षं त्यांनी हेच केलं. लेखाची प्रत काढायची, तिला क्रमांक द्यायचा, नावावर कागदाची पट्टी चिकटवायची, आणि आत कुठे 'माझ्या मागच्या लेखात म्हटल्याप्रमाणे' असं निघालं तर तिथेही पट्टी.

आता या कामात काय गमती येत असतील असं वाटेल, पण आबांकडे पोतंभर होत्या. नरडाण्याकडचे एक प्राध्यापक केळीची टोपली घेऊन आले आणि हळूच म्हणाले, आबा, माझा लेख कोणी नापास केला तेवढं सांगा. आबांनी एक केळं सोललं, सावकाश खाल्लं आणि म्हणाले, "केळं गोड शे, भाऊ. पन नाव काही मी सांगत नही." बाकीची टोपली त्यांच्या हातात परत दिली. दुसऱ्या एका गृहस्थांनी आपला एकच लेख दोन मासिकांकडे एकाच वेळी धाडला होता. तो पकडला गेला तो सातव्या पानावरच्या चहाच्या डागामुळे, कारण दोन्ही झेरॉक्सवर डाग तोच! आणि एका प्राचार्यांना तर विद्यार्थ्याच्या लेखावर स्वतःचं, उपप्राचार्यांचं आणि ग्रंथपालाचंही नाव हवं होतं. आबा म्हणाले, "साहेब, ही काय लग्नपत्रिका शे का, बठ्ठी भाऊबंदकी छापाले?"

असा हा हसता माणूस. घरी मात्र दहा वर्षांपासून त्यांच्या बोलण्यात एक नाव येत नव्हतं. एकुलती मुलगी हेमलता. धुळ्याला शिकली, तिथेच कॉलेजात लागली आणि आपल्या पसंतीने, जातीबाहेर लग्न करून मोकळी झाली. आबा भर ओसरीवर म्हणाले होते, "मले पोरगी नही शे." शब्द गेला तो गेला. चार वर्षांपूर्वी आबांची बायको वच्छलाबाई वारल्या तेव्हा हेमलता आली, आईच्या पायांशी बसली, आणि बापाकडे न पाहता गेली. एरंडोल ते धुळे, एसटीने दोन तासही लागत नाहीत.

यंदा संक्रांत झाली आणि चार दिवसांनी एक लेख आला. विषय कानबाईचा रोट. श्रावणातल्या या सणाला खान्देशात घरातल्या माणसागणिक सव्वा मूठ गहू मोजून घेतात आणि त्या पिठाचा रोट करतात. कुणाची मूठ धरायची, कुणाची नाही, यातून घर कुणाला आपलं मानतं ते कसं दिसतं, असा लेख. आबांनी प्रत काढली, पट्टी कापली, गोंद लावला आणि नाव वाचलं. डॉ. हेमलता निंबा बोरसे.

लग्नाला दहा वर्षं झाली, तरी पोरीने मधलं नाव बापाचंच ठेवलं होतं. आणि तेच आबांना आपल्या हाताने झाकायचं होतं.

पट्टीवरचा गोंद वाळून गेला. मग आबांनी अख्खा लेख वाचला. एकोणीस वर्षांत असं त्यांनी कधी केलं नव्हतं. चौथ्या पानावर होतं : 'एरंडोल तालुक्यातील एका घरात आई मुलीच्या नावानेही मूठ घेत असे. मुलीने मनाविरुद्ध लग्न केल्यानंतर ती मूठ बंद झाली.'

"खोटं शे," आबा मोठ्याने म्हणाले.

मूठ बंद झालीच नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात वच्छलाबाईंनी सुपात हेमलताची मूठ टाकली तेव्हा आबा तोंड फिरवून बसले होते. त्या म्हणाल्या, "मूठ मनी शे, तुम्हनं काय जास?" त्या गेल्यावर ती मूठ आबांनीच चालू ठेवली. पोरीला हे सांगणार कोण?

खिशात फोन होता. नंबर तर लेखाच्या माथ्यावरच छापलेला. हात फोनपर्यंत गेला आणि परत आला. लेख तपासायला जायचाय आणि कार्यालयातला माणूस लेखिकेला फोन करतोय, हे दुसऱ्या कुणी केलं असतं तर आबांनी त्याची सालटी काढली असती. ते उठले आणि लेख घेऊन सुनंदाबाईंसमोर उभे राहिले.

"बाई, याच्यावर पट्टी तुम्हीच लावा. हा माझ्या हातात नको."

"का हो आबा? कोणी ओळखीचं आहे?"

"मनी पोर शे ती."

सुनंदाबाईंनी चष्मा काढला. "मला इथे येऊन आठ वर्षं झाली, आबा. तुम्हाला मुलगी आहे?"

आबांनी लेखाचं चौथं पान उघडलं. मग म्हणाले, "त्यात एक चूक आहे."

"सांगू नका. तुम्ही परीक्षक नाही."

"तिला एक फोन..."

"लेख तपासणीत असताना?" बाईंनी लेख आपल्या कपाटात ठेवला आणि किल्ली पर्समध्ये टाकली. "छापून आला, तर कोणत्याही वाचकासारखं पत्र लिहा. तोवर नाही."

पुढचे सहा महिने आबांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. लेख पास झाला की नापास, हेसुद्धा त्यांना कळायचं नव्हतं. बाई फोनवर बोलू लागल्या की ते आपणहून व्हरांड्यात जात. धुळ्याचं टपाल आलं की पाकीट उलटं धरून बाईंच्या टेबलावर ठेवत. जुलैचा अंक आला. आबांनी तो काउंटरवरून विकत घेतला, एसटीत बसून उघडला. लेख होता. चौथ्या पानावरचं वाक्यही होतं.

त्या आठवड्यात त्यांनी पत्र लिहिलं, पाच वेळा खोडून. 'लेखात सांगितलेले घर मला माहीत आहे. त्या घरात मुलीची मूठ एकही वर्ष चुकलेली नाही. आई होती तोवर आईने घेतली, तिच्यामागे वडील घेतात.' खाली सही.

सुनंदाबाईंनी वाचलं आणि कागद परत सरकवला. "छान आहे. पण एक ओळ राहिली. लेखिकेशी तुमचं नातं काय ते लिहावं लागेल."

"ते कशाला?"

"नियम आहे, आबा. नातं असून लपवलं तर पत्र छापता येत नाही. दुसऱ्यांकडून तुम्हीच लिहून घेता ना ही ओळ?"

"आठशे अंक जातात, बाई. गावात वाचनालयात येतो. बठ्ठे वाचतील."

"वाचतील."

आबा खुर्चीत बसले. ओसरीवर ज्यांच्यादेखत ते बोलले होते, ती माणसं सकाळी त्याच वाचनालयात पेपर वाचत. बराच वेळ त्यांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. मग लिहिलं : 'पत्रलेखक हे लेखिकेचे वडील आहेत.' अक्षर थोडं वर चढलं होतं.

"आता हे लेखिकेकडे उत्तरासाठी जाईल," बाई म्हणाल्या. "पत्र आणि उत्तर एकत्र छापू. आणि ते घर आपलंच आहे, हे तिनेही लेखात लिहायला हवं होतं. तेही मागवते."

उत्तर श्रावणाआधीच आलं, पण आबांनी विचारलं नाही. एकदाच म्हणाले, "बाई, रागावेल शे का?" बाई म्हणाल्या, "आबा." आबा व्हरांड्यात गेले. त्या श्रावणात गहू मोजताना एक दाणा सुपाबाहेर उडाला, तो त्यांनी वाकून शोधून आत टाकला.

ऑक्टोबरचा अंक आला. शेवटच्या पानावर आबांचं पत्र, आणि खाली चार ओळी : 'पत्रलेखकांची दुरुस्ती मान्य. ते घर लेखिकेचे माहेर आहे, हे लेखात नमूद करावयास हवे होते. चूक झाली. आई गेल्यानंतर कोणत्या हाताच्या मुठीने मोजले जाते, याची माहिती लेखिकेस नव्हती. लेखिका ही पत्रलेखकांची मुलगी आहे.' त्याखाली संपादकांची ओळ होती : 'या विषयावरील पत्रव्यवहार आता थांबवत आहोत. यापुढे उभयतांनी परस्पर संपर्क साधावा.'

आबांनी ती ओळ सुनंदाबाईंना दाखवली. "म्हणजे आता मी..."

"आता तुम्हाला कोण अडवतंय?"

चारची धुळे गाडी लागलेलीच होती. कंडक्टर रोजचा ओळखीचा. न विचारताच एरंडोलचं तिकीट काढू लागला.

"धुळे दे रे," आबा म्हणाले.

"आज पुढे? काय काम काढलं, आबा?"

आबांनी अंक मांडीवर ठेवला. एरंडोल आलं, ओळखीची चार माणसं उतरली, दोघांनी "चला ना आबा" म्हणून हाकही मारली. गाडी पारोळ्याच्या रस्त्याला लागली. आबा मनात पहिलं वाक्य जुळवत होते. एकोणीस वर्षं त्यांनी लेखकांना 'आपला लेख मिळाला' एवढंच लिहिलं होतं, आणि आताही, काही केल्या, तेच आठवत होतं.