उद्या या, ताई

आमच्या परंड्याच्या शाळेतल्या क्लार्कांच्या तोंडून मी कधी ‘नाही’ ऐकलेलं नाही. आलेल्या माणसाला ते खुर्ची देतात, माठातलं पाणी देतात, शर्टाच्या टोकाला चष्मा पुसतात आणि काम लांबवतात.

जूनमध्ये स्टँडमागं पालात राहणारी एक बाई आठ वर्षांच्या लेकीचं नाव घालायला आली.

“जन्मदाखला, आधार, रहिवासी दाखला?” त्यांनी विचारलं.

“साहेब, पालाचा कसला दाखला? पोरगी हुशार हाय. एसटीच्या पाट्या वाचती.”

“लई गुणाची हाय. उद्या या, ताई. बघू कायतरी.”

ती गेल्यावर मी म्हणाले, “कागद नसले तरी प्रवेश द्यावाच लागतो, सर.”

“पाठ हाय मला, मॅडम.” त्यांनी नियम शब्दन् शब्द म्हणून दाखवला. “पण ही लोकं महिन्यानं उठून जाणार. मग गैरहजेरीचं उत्तर कुणी द्यायचं? तुम्ही?”

मी हजेरीपट उचलून वर्गावर गेले. पोरगी वयानं तिसरीत बसली असती, आणि तिसरीचा वर्ग माझाच होता.

मायलेकी सहा दिवस रोज आल्या. सातव्या दिवशी आल्या नाहीत. संध्याकाळी मी स्टँडमागं गेले, तर जमिनीत खुंट्यांची भोकं तेवढी उरली होती.

“म्हणलं होतं ना, जाणार म्हणून,” ते दुसऱ्या दिवशी म्हणाले.

पुढच्या आठवड्यात शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाचा तक्ता भरायचा होता. आमच्या भागात असं एकही मूल नाही, म्हणून त्यांनी रकान्यात ‘निरंक’ लिहिलं आणि कागद अदबीनं माझ्यापुढं सरकवला. मी सही केली.