कवडीचा ग्रुप फोटो

पक्षी बघायला माणसं कळपाने का जातात, हे मला अजून कळलेलं नाही. तरी मार्चमधल्या एका रविवारी मीही गेले, आणि नवऱ्याला ओढत नेलं. पक्ष्यांशी मला काही देणंघेणं नव्हतं. मला माझा नवरा परत हवा होता.

तसा तो घरातच होता. दिवाळीच्या आधी ह्यांची बायपास झाली. ऑपरेशन उत्तम झालं आणि हॉस्पिटलातून घरी आला तो कोणी भलताच सद्गृहस्थ. ह्यांच्या जिभेला अख्खी सोसायटी टरकून असायची. वर्तमानपत्रातल्या चुका लाल पेनने दुरुस्त करायचे, हळदीकुंकवाच्या निमंत्रणातल्यासुद्धा. आता मात्र सगळ्याला एकच उत्तर, ‘चालेल’. आमटी पाणचट झाली, चालेल. शेजाऱ्याने आमच्या जागेत स्कूटर लावली, राहू दे. माझ्या भावाने तोच विनोद चौथ्यांदा सांगितला, तर हे चक्क हसले. आल्यागेल्या बायका म्हणायच्या, “किती शांत झाले हो तुमचे हे, नशीबवान आहात.” डोंबलाचं नशीब! माणूस माझ्या डोळ्यांदेखत विझत चालला होता. डॉक्टर म्हणाले, चार माणसांत न्या.

ही चार माणसं मला सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सापडली. पक्षिनिरीक्षण सहल, कवडी, सकाळी सहाला स्वारगेटहून मिनीबस. म्होरक्या चाळिशीचा, अंगात चौदा खिशांचं जाकीट आणि पक्षी स्वतःच्या पगारावर ठेवल्यासारखं बोलणं. तो सगळ्यांना ‘पक्षिमित्र’ म्हणायचा. पक्ष्यांनी ही मैत्री कबूल केल्याचं मला दिवसभरात कुठे आढळलं नाही. पुढच्या सीटवर हिंजवडीचा एक मुलगा होता, त्याच्या मांडीवर दुधाच्या कॅनएवढी लेन्स. मागे वाघोलीचं एक जोडपं सेल्फी काढत होतं. अजून हडपसरही आलं नव्हतं.

बसमध्येच म्होरक्याचे नियम सांगून झाले. मोठ्याने बोलायचं नाही, अत्तर लावायचं नाही, भडक रंग घालायचे नाहीत. मग त्याची नजर माझ्यावर आली. “काकू, ती गुलाबी ओढणी प्लीज बॅगेत ठेवा. पक्षी बिचकतात.” मी ह्यांच्याकडे पाहिलं. पूर्वीचे हे असते, तर त्या माणसाला मांजरी गाव यायच्या आत बसमधून उतरावं लागलं असतं. हे म्हणाले, “ठेव ना, काय बिघडतंय.” मी ओढणी काढून पिशवीत कोंबली.

कवडीला नदी आहे असं म्हणतात. सगळ्या पुण्याने आदल्या दिवशी जे जे धुतलं, त्याचा फेस तिथे येऊन साचतो. कडेला जलपर्णी, जलपर्णीत थर्माकोलच्या पत्रावळी. हिमालयापलीकडून उडत येऊन हे पक्षी आमच्या सांडपाण्यात हिवाळा काढतात. मला त्यांच्याही अकलेची शंका आली.

पलीकडच्या काठाला नारिंगी बदकं बसली होती. म्होरक्या कुजबुजला, “चक्रवाक. या वर्षीचा शेवटचा थवा. आज-उद्या उत्तरेला निघतील ते.” सगळे ‘वॉव’ म्हणाले, आणि अर्ध्या मिनिटात आपापल्या मोबाइलवर आपलाच फोटो कसा आलाय ते बघू लागले. वाघोलीच्या बाईंना प्रत्येक पक्षी ‘ऑसम’ वाटत होता, त्यात एक कावळाही होता. लेन्सवाला डोळ्याला लावलेला कॅमेरा काढायलाच तयार नव्हता. घरी जाऊन मोठ्या स्क्रीनवर बघणार म्हणाला. मग इथे कशाला आलास बाबा?

मी तर एकेक मासला ह्यांच्यापुढे ताटात वाढत होते. “अहो, ऐकलंत का, कावळा ऑसम आहे.” हे म्हणाले, “असेल.” थोड्या वेळाने, “अहो, हे जाकीट बघा, चौदा खिसे आणि पेन माझ्याकडे मागतोय.” हे म्हणाले, “विसरला असेल बिचारा.” बिचारा! माझा धीर सुटला. वाटलं, झालं, आता आपल्याला उरलेला जन्म ह्या गुणी माणसाबरोबर काढायचाय. तिथेच मला रडू यायला लागलं, आणि ओढणी पिशवीत असल्यामुळे डोळे पुसायलाही काही नव्हतं.

तेवढ्यात म्होरक्याने टाळी वाजवली. “चला पक्षिमित्रांनो, ग्रुप फोटो!” फोटोशिवाय सहल झाली असं धरतच नाहीत म्हणे. त्याने बसमधून एक गुंडाळी आणली आणि उलगडली. गोधडीएवढा पिवळाजर्द फ्लेक्स, त्यावर म्होरक्याचाच हसरा फोटो. सगळे नदीकडे पाठ करून ओळीत उभे राहिले. मलाही कोणीतरी दंडाला धरून उभं केलं. फ्लेक्स वाऱ्याने फडफडायला लागला, तो दोघांनी कसाबसा ताणून धरला. हे ओळीत यायला तयार नव्हते, म्हणून फोन ह्यांच्या हातात दिला.

“काका, फ्रेममध्ये सगळे आले का?”

हे फोन छातीशी धरून आमच्या डोक्यांवरून पलीकडे बघत राहिले.

“काका, काढताय ना?”

“तुम्ही सगळे आलात,” हे म्हणाले. “पक्षी गेले.”

एका क्षणात सगळी ओळ गर्रकन मागे वळली. ह्यांचा अंगठा तेव्हाच बटणावर पडला असावा. म्होरक्या ओशाळून म्हणाला, “काका, नोव्हेंबरात परत येतात ते.”

“येऊ देत. त्यांना हा फ्लेक्स आवडला तर येतील,” हे म्हणाले. “माझ्या बायकोची वीतभर ओढणी बघून बिचकणारे पक्षी तुमचे. ह्या पिवळ्या तंबूची त्यांना आगाऊ कल्पना दिली होतीत का? अगं, काढ ती ओढणी. नाक पूस.”

तोच आवाज. कोरडा, हळू, प्रत्येक शब्द सुटा. मी पाच महिने ह्याच्यासाठी झुरत होते. परतीच्या बसमध्ये आमच्याशी कोणी बोललं नाही, आणि त्यामुळे प्रवास फार सुखाचा झाला. हडपसरला ह्यांनी माझ्या थर्मासमधल्या चहालाही नावं ठेवली.

संध्याकाळी फोटो ग्रुपवर आला. त्यात मधोमध पिवळा फ्लेक्स आहे, आजूबाजूला सगळ्यांच्या पाठी, आणि त्या पाठींच्या मधे माझं एकटीचं तोंड. मी कॅमेऱ्याकडे बघून हसतेय, गालावर पाणी आहे. खाली म्होरक्याने लिहिलं होतं, काकूंचे पक्षी बघायचे राहिले. मी फोन ह्यांच्यासमोर धरला. ह्यांनी चष्मा लावून, फोटो मोठा करून, सावकाश बघितला.

“दाढेतलं सिमेंट दिसतंय,” हे म्हणाले. “एवढं हसण्यासारखं काय झालं होतं?”